सातव्या मजल्यावरचा नळ

आमच्या पालिकेच्या उंच इमारतीत पाण्याचं खातं सातव्या मजल्यावर आहे. तिथं मी कारकून. एक बाई दर सोमवारी जिने चढून यायची, कारण पुरावा म्हणून आणलेली तिची रिकामी घागर लिफ्टमनला खपत नसे. खिडकीशी येऊन ती पदरानं कपाळ पुसायची आणि विचारायची, "दादा, आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कवा दुरुस्त हुतोय? लेक बाळंतीण हाय, घरात पाण्याचा थेंब न्हाय."

"मावशी, फिटर मिळत नाही. साहेबही कुंभारीला साइटवर गेलेत," मी सांगायचो. साहेब पार्टिशनपलीकडे चहा पीत असायचे.

शेवटच्या सोमवारी नेमकी आतून साहेबांची शिंक आली. ती हसली. "कुंभारी लई जवळ आली की हो!" मग तिनं सरळ आमच्या बेसिनचा नळ सोडला आणि घागर खाली धरली. "सातव्या मजल्यावर पाणी चढवताय तुमी. आमचं घर तर जमिनीवरच हाय की."

भरली घागर कमरेवर घेऊन ती सावकाश जिना उतरली.

मग मात्र खातं हललं. महिनोन्महिने न मिळालेला फिटर तासाभरात हजर झाला आणि आमच्या नळाला कुलूप लावून गेला. कामाचा उरक पाहून साहेबांनी माझी पाठ थोपटली. ती पुन्हा आली नाही. तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. फिटरचा नंबर मात्र पहिल्यापासून माझ्या मोबाइलमध्ये होता.