आतली कडी

दार वाजलं नाही. उघडलंच.

मायला मी मोरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. अंगावर कपडा नाही. डावं अंग लुळं पडलेली बाई. तिला आंघोळ घालायची म्हणजे एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं पाणी ओतायचं. डोक्याला नुकताच साबण लावला होता. तेवढ्यात दार उघडलं आणि सगळं ऊन तिच्या अंगावर आलं. दारात मॅडम. त्यांच्यामागे दोन बायका आणि एक पुरुष. त्या माणसाच्या हातात मोबाईल, वर धरलेला.

"घाबरू नका आजी, आपलीच माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या. मग मागे वळून त्या बायकांना, "हीच ती खोली. छोटीशीच आहे, पण बघा, आत मोरीसुद्धा दिलीय."

मायनं चांगला हात छातीवर घेतला. एकच हात. एका हातानं बाईनं काय काय झाकायचं? साबण डोळ्यात गेलेला, तिला धड दिसत नव्हतं. माणसांचे आवाज तेवढे ऐकू आले. वाकड्या झालेल्या तोंडानं ती मला म्हणाली, "पाव्हने आले. चहा ठेव गं."

ते ऐकून माझं काय झालं ते कळायचं तर ही खोली आम्हाला कशी मिळाली ते आधी सांगितलं पाहिजे.

मी लातूरला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. क्लाससाठी गावोगावची पोरं इथं येतात, डॉक्टर-इंजिनियर व्हायला. त्यांना पोळ्या लागतात, तशा खोल्याही लागतात. आम्ही मायलेकी देवणीकडून आलो तेव्हा एका गल्लीत पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मालकानं ती पाडून पोरांसाठी वर मजले चढवले. मी ज्यांच्या पोळ्या लाटत होते त्यांच्याच खोल्यांनी आमची खोली खाल्ली. पोरांचा त्यात काय दोष? नव्या खोलीला गेलं की मालक आधी डिपॉझिट विचारायचे, मग आडनाव. डिपॉझिटचं एखाद्या वेळी जमलंही असतं.

शेवटी रेल्वेच्या भिंतीकडेला पाल ठोकलं. शेजारच्या पालात शेवंतामावशी, तिची विधवा सून आणि सुनेची लहान पोरगी. मायला झटका आला तो त्या पालात. मी मेसवर असले की मावशी मायला भरवायची, तिचं हागणं-मुतणं काढायची. नात्याची नाही, गोताची नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं मी तिचं काय केलं तेही सांगायचंय.

मॅडम कॉलेजात शिकवायच्या, आता निवृत्त झाल्यात. त्यांच्या कॉलनीत बायकांचं मंडळ आहे. मंडळानं ठरवलं की प्रत्येक बंगल्यामागं जागा पडून असते, तिथं एकेक खोली बांधायची आणि रस्त्यावरच्या एकेका कुटुंबाला द्यायची. कल्पना चांगली होती. मला अजूनही चांगलीच वाटते. पहिली खोली मॅडमच्या परसात झाली आणि ती आम्हाला मिळाली. फीत कापली, पेढे वाटले, मायच्या लुळ्या हातात किल्ली ठेवून फोटो काढला. दुसरी किल्ली मॅडमकडे राहिली.

दार बसवताना मिस्त्रीनं दोन कड्या आणल्या होत्या, एक बाहेरची, एक आतली. मॅडम म्हणाल्या, "आतून कडी नको. आजी दिवसभर एकट्या असतात. पडल्या-बिडल्या तर आत जायचं कसं?" मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "बरोबर हाय मॅडमचं." त्यानं आतली कडी पिशवीत परत टाकली. ते दार असं कडीविना राहिलं त्यात माझाही होकार आहे. तो मला विसरता येत नाही.

बाकी बंधनं साधी होती. यायचं-जायचं मागच्या फाटकानं. बाहेरचं माणूस आणायचं नाही. बाबासाहेबांचा फोटो लावायला घेतला तर मॅडम म्हणाल्या, "लावा की, आमची मुळीच हरकत नाही. फक्त दारातून एकदम समोर दिसेल असा नको." मग फोटो दाराच्या बाजूच्या भिंतीवर गेला. दार उघडलं की बाबासाहेब दाराआड.

आणि दार सारखं उघडायचं. आमची खोली नमुना होती ना. बाकीचे बंगलेवाले बघायला यायचे, त्यांचे पाहुणे यायचे, पुण्याहून कोणी आलं की तेही यायचे. कोणी पिठाचा डबा उघडून बघायचं. कोणी विचारायचं, "आज भाजी काय केलीत?" कोणी मायच्या गादीवर हात दाबून बघायचं. आणि माय दर वेळी म्हणायची, "चहा ठेव गं." आमच्यात घरी आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पालातसुद्धा कधी जाऊ दिलं नाही. मायला वाटायचं, आपल्याला घर झालं म्हणून लोक भेटायला येतात. मी चहा ठेवायची. ते म्हणायचे, "नको नको, आत्ताच झाला." कप भरलेले तसेच राहायचे. ते गेल्यावर माय गार चहा प्यायची, वाया नको म्हणून. म्हणायची, "घाईत असतील बिचारे." मला सगळं कळत होतं. मी तिला कधी सांगितलं नाही.

वाईट बाई असती तर सोपं होतं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मायला डॉक्टर दाखवला. मालिशचं तेल आणून दिलं. संध्याकाळी खुर्ची टाकून मायशी बोलत बसायच्या, तिचं तोतरं बोलणं न कंटाळता ऐकायच्या. त्यांच्याबद्दल मनात वाकडं आलं की मलाच मी नीच वाटायचे.

शेजारच्या बंगल्यामागं दुसऱ्या खोलीचा पाया खणला गेला. ती शेवंतामावशीची. मी पालावर जाऊन तिला शिकवून आले. "मान खाली घालायची. व्हय म्हनायचं. फोटू काढत्यात, काढू द्यायचे." मावशी हसली. "फोटूनं मी काय झिजायली का?" मीही हसले. मान खाली घालायची शिकवणी मी तिला हसत हसत दिली.

तर त्या दिवशी दार उघडलं, आणि साबणानं आंधळी झालेली, उघडी माय म्हणाली, चहा ठेव गं.

मी हातातला तांब्या टाकला. दोन्ही ओल्या हातांनी दार ढकललं. मॅडम मागं सरकल्या. दार लागलं, पण कडी कुठाय? मी पाठ लावून उभी राहिले.

"अगं, काय करतेस? पाहुणे आहेत."

"माय आंगूळ करायलीय मॅडम. दार वाजवून येत जावा."

एकदा तोंड उघडलं होतं, ते मिटेना. "आन् त्या मोबाईलमधलं मायचं पुसून टाका. आत्ता."

"पुसलं, पुसलं," तो माणूस म्हणाला. खरंच पुसलं का, मला अजून माहीत नाही.

पावलं लांब गेल्यावर माय म्हणाली, "गेले? चहा न घेता?"

मग मी सांगितलं. "ते पाव्हने न्हवते माय. कवाच न्हवते. बघायला यायचे."

तिच्या केसांतून फेस गळत होता. मग म्हणाली, "मंग मला लवकर झाकलीस का न्हाई?"

टॉवेल हाताशी होता. मी आधी दाराकडं धावले.

त्याच दिवशी मेसवरून येताना हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली आणि स्वतः स्क्रू पिळून बसवली. तिरकी बसली, पण बसली. दार बंद करून कडी घातली तेव्हा बाबासाहेब आमच्यासमोर आले, आणि समोरच राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सवयीनं दार ढकललं. उघडलं नाही. मी कडी काढली. त्यांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला. घर दिलं."

"घर दिलं म्हनता मॅडम, तर दार बी आमचं असू द्या."

"मी काय परकी आहे का गं?" म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. त्या गेल्यावर मीही रडले. मेसवर पोळ्या लाटताना एकच शब्द डोक्यात फिरत होता, निमकहराम. कोणी मला तो म्हटला नव्हता. मीच म्हणत होते.

मग एके दिवशी दूध आणायला निघाले असताना शेजारच्या परसात नजर गेली. खणलेला पाया बुजवला होता. माती सारखी केली होती. मधोमध कढीपत्त्याचं रोप लावलं होतं.

मंडळात चर्चा झाली म्हणे. ही माणसं आज कडी लावतात, उद्या जागेवर हक्क सांगतील. बाकीच्या बंगलेवाल्यांनी हात आखडता घेतला.

मी पालावर गेले. शेवंतामावशीला आधीच कळलं होतं. ती चूल फुंकत होती. शिव्या देईल म्हणून मी तयार होते. तिनं शिव्या दिल्या नाहीत.

"एका कडीपायी?" म्हणाली.

"मावशे, मायला उघडी बघितली त्यांनी."

"आमी रोज उघड्यावरच हाव की गं. माझी सून अंगावर लुगडं ठिवून आंगूळ करती, भिंतीकडं तोंड करून. गाडीतली लोकं बघत्यात. तुला निदान दार व्हतं. तू लावलं असतं, त्यांनी उघडलं असतं, काय बिघडलं असतं?"

जिनं माझ्या मायचं सगळं काढलं, तिच्या छपराचा खड्डा माझ्यामुळं बुजला. हे मी मॅडमवर ढकलू शकते, मंडळावर ढकलू शकते, आणि त्यात खोटंही काही नाही. पण मावशीच्या सुनेच्या डोळ्याला डोळा देताना त्यातलं काही उपयोगी पडत नाही.

नंतर मॅडमचा निरोप आला. रविवारी मंडळाची बैठक आहे. तिथं ये, सगळ्यांसमोर चुकलं म्हण, कडी काढून टाक. मी त्यांना समजावते, खड्डा परत खणायला लावते. मॅडमनी शब्द पाळला असता, एवढं मी त्यांना ओळखते.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. एक कडीच तर होती. मायची आंघोळ मी मेसवर जायच्या आधी, अंधार असताना उरकू शकत होते. मावशीला छप्पर मिळालं असतं. मी पहिला स्क्रू अर्धा बाहेर काढला.

मागून माय म्हणाली, "कडी लावलीस का?"

त्या दिवसापासून ती असंच विचारते. मी तिच्या पदराला हात घालण्याआधी. कडीचा आवाज ऐकते आणि मगच अंगावरचं काढू देते. आता पाहुणे कोण आणि बघे कोण, ती मला विचारत नाही. तिला तो आवाज लागतो.

मी स्क्रू परत आत पिळला.

आणि पालावर जाऊन मावशीला सांगितलं, "कडी काढनार न्हाई म्या." तिनं मान फिरवली. मी म्हणाले, "पर सुनेला पाठीव. रोज. आमच्या खोलीत आंगूळ करू दे."

"आंगुळीनं घर मिळतंय का?"

"न्हाई मिळत."

तरी सून आली. मागच्या फाटकानंच, पण दिवसाढवळ्या. मी मायला खाटेसकट भिंतीकडं फिरवलं आणि स्वतः पाठ करून बसले. सुनेनं कडी घातली. ओढून बघितली. परत ओढून बघितली. मग तिचं लुगडं पडल्याचा आवाज आला. पाणी पडत राहिलं, पडत राहिलं. बादली संपली तरी ती मोरीतून उठेना. मला फार अपराधी वाटत होतं, आणि तरीही कडी काढायची इच्छा होत नव्हती. दोन्ही एकदमच होतं.

तेवढ्यात कोणीतरी दार ढकललं. कडी खडखडली. मग दार वाजलं. हळू. मॅडमच होत्या. "अगं, आत कोण आहे? बाहेरचं माणूस आहे का?"

"हाय," मी म्हणाले. "आंगूळ करायलीय. थांबा."

माय भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "चहा ठेवू का म्हनावं."

"ठेवते माय. बसून पिनार असतील तर."

मॅडम थांबल्या नाहीत. त्यांची चप्पल फरशीवरून दूर गेली.

उद्या रविवार आहे. मी बैठकीला जाणार आहे. माफी मागायला नाही. मी म्हणणार आहे, मावशीचा खड्डा परत खणा. तुमची जमीन आहे, तुमची दया आहे, दोन्हीला मी नाही म्हणत नाही. पण ज्या खोलीला आतून कडी नाही तिला घर म्हणू नका. तो गोठा झाला. त्यांनी ऐकलं नाही तर मावशीला छप्पर मिळणार नाही आणि त्यात माझा वाटा असेल. तो मी मेले तरी कोणाच्या पदरात टाकणार नाही. आणि त्यांनी आम्हालाच निघा म्हटलं, तर मी मायला पाठुंगळी मारून पालावर जाईन, मावशी शिव्या देईल तिथं तिच्या शेजारी बसेन.

खोली त्यांची आहे, ठेवून घ्यावी. जाताना कडी मात्र मी उपसून नेणार.