ट्रंकेवर बसलेल्या सासूबाई

फोन आला तेव्हा मी गिरगावात लेकीकडे होते. आमच्या समोरच्या खोलीतल्या जनकाबाईंचा मुलगा बोलत होता. "काकू, तुम्ही निघा... काकी गेल्या." सकाळी पेज प्यायल्या, वाटी खाली ठेवली, उशीला टेकल्या आणि गेल्या. वर्षातून जेमतेम दोन दिवस मी नायगावचं घर सोडून लेकीकडे राहायला जाते. नेमका त्यातलाच दिवस सासूबाईंनी निवडला. माझ्याशी एकदाही न भांडता त्या गेल्या, हे काही त्यांच्या स्वभावाला धरून झालं नाही.

भेटायला आलेल्यांपैकी एका बाईने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, "सुटलात हो. फार सोसलंत तुम्ही." माझ्या सासूबाईंचं, भागीरथीकाकींचं तोंड अख्ख्या चाळीला माहीत होतं, त्यामुळे तिचं फारसं चुकलं असं नाही. मी मान हलवली, चहा पुढे केला. पण महिना होत आला तरी ते 'सुटलात' डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. त्या बाईने हे वाचावं, एवढीच इच्छा.

लग्न होऊन मी मालवणकडून मुंबईत आले ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीच्या भिंतींवर घोषणा रंगवलेल्या, गिरणीच्या गेटवर रोज सभा. सासूबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, यजमान दुसऱ्या गिरणीत साच्यांवर कापड विणायला. सासरे पूर्वीच वारलेले. वर्षभरात मला बारीक ताप येऊ लागला. मग खोकला. एका सकाळी मोरीत थुंकले तर लाल. मी पाणी ओतून टाकलं, पण सासूबाई मागेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच पाहत होते आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

छातीचा फोटो काढला, क्षय निघाला. तेव्हा आमच्या कोकणातल्या घरांची एक ठरलेली रीत होती. मुंबईत कोणी असं आजारी पडलं की त्याला बोटीत बसवून गावी धाडायचं. हवा बदलेल, ताजं ताक मिळेल, माणूस बरं होईल. धाडणारे अगदी मनापासून धाडायचे. बहुतेक परत येत नसत. सुनेच्या बाबतीत तर गाव म्हणजे माहेर, आणि मागे राहिलेल्या नवऱ्यासाठी सहा महिन्यांत दुसरी मुलगी पाहायला सुरुवात. माझे चुलतसासरे आप्पा लालबागहून आले आणि त्यांनी सगळं ठरवलं. भाऊच्या धक्क्यावरून शनिवारची बोट. यजमान खाली मान घालून बसले होते. बावीस वर्षांचा मुलगा काकांपुढे काय बोलणार? (मी मात्र पुढे कितीतरी वर्षं त्यांना त्यावरून टोमणे मारले.) माझी पत्र्याची ट्रंक भरली सासूबाईंनी. लुगडी घडी करून ठेवली, वर सुंभ बांधला, गाठही त्यांनीच मारली.

शनिवारी सकाळी जनकाबाई डोकावल्या. त्या क्षयाच्या इस्पितळात आया होत्या. त्याच सुमाराला त्यांच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दारं समोरासमोर असूनही सासूबाई त्यांच्या घरचं पाणी घेत नसत. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? जनकाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "काकी, पोरीला गावाला धाडताय, पन तिकडं सुई कोन देनार तिला? आता रोजच्या सुया निघाल्यात. आमच्याकडं मानसं बरी होऊन चालत घरी जातात. मी बघते ना रोज." एवढं बोलून त्या ड्युटीवर गेल्या.

आप्पा ट्रंक उचलायला वाकले आणि सासूबाई त्या ट्रंकेवर जाऊन बसल्या. चांगल्या मांडी घालून.

"वयनी, उठा. बोट कोणासाठी थांबूची नाय."

"जावंदे बोट. ती हयच बरी होतली."

"गावची हवा—"

"नुसती हवा खावन माणूस बरो झालो आसतो, तर तुझो भाव आज हय बसलेलो आसतो." मग आवाज एकदम खाली आला. "तेका मीच बोटीर बसवलंय, आप्पा. ह्याच हातानी ट्रंक बांधून. एकदा चूक केलंय, परत करूचंय नाय."

सासरे कशाने गेले, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. आप्पा तासभर समजावत होते, ओरडलेही. बाई ट्रंकेवरून हलली नाही. बोटीची वेळ टळली तेव्हा त्या उठल्या, सुंभ सुटेना म्हणून विळीवर कापला आणि माझी लुगडी परत मांडणीवर ठेवली.

संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. क्षय तेव्हा लपवायचा रोग होता. 'जरा अशक्तपणा आहे' म्हणायचं. सासूबाईंनी मजल्यावरच्या बायकांना पॅसेजमध्ये बोलावलं आणि सांगून टाकलं, "माझ्या सुनेक क्षय झालो हा. पोरांका आमच्या खोलीत धाडू नकात. पण तिका दवाखान्यात नेवक माणूस लागतलो. माझी पाळी सकाळची आसता. कोण येतला?" दोन बायका उठून गेल्या. मग जनकाबाई म्हणाल्या, "मी न्हेते. माझी दुपारची ड्युटी मागून घेते." दुसऱ्या दिवशी मी खिडकीखालच्या खाटेवर पडल्यापडल्या पाहिलं, सासूबाई समोरच्या खोलीतून पदराने तोंड पुसत बाहेर आल्या. जनकाबाईंच्या घरी चहा घेऊन.

मग रोज सुई. पहिल्या महिन्यात जिने उतरतानाच धाप लागायची. दवाखाना परळच्या बाजूला, वाटेत हिंदमाताच्या कोपऱ्यावर एका साडीवाल्याच्या पायरीवर मी बसायचे. चार दिवसांनी त्याने न विचारता स्टूल बाहेर ठेवायला सुरुवात केली. शीव कोळीवाड्याची मासेवाली माझ्यापुरत्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेगळ्या काढून ठेवी. माझं ताट-वाटी वेगळी होती, ती सासूबाई उकळत्या पाण्यातून काढत. मात्र जेवायला माझ्यासमोरच बसत आणि मी हात आखडला की शिव्या देत. तिसऱ्या महिन्यात ताप गेला, मला वाटलं झालं, आता सुया पुरे. त्या दिवशी मी जे ऐकलं ते छापता येणार नाही.

एकदा मोठा मोर्चा निघाला. जनकाबाईंना सुट्टी मिळेना, बस बंद, रस्ता माणसांनी भरलेला. सासूबाई मोर्चात आघाडीला असायच्या, त्याचा त्यांना फार अभिमान. त्या दिवशी खात्यातल्या बायका खालून हाका मारत होत्या. "तुमी व्हा फुडे," म्हणाल्या आणि माझा दंड धरून मोर्चाच्या उलट्या दिशेने निघाल्या. पोरं "बाजू द्या, बाजू द्या, पेशंट आहे" म्हणत वाट करत होती. मलाही स्फुरण चढलं, मी तोंड उघडलं, तर लगेच चिमटा. "तू गप रव. तुझ्या वाटचा मी आरडतंय." आणि एका हाताने मला धरून, दुसरी मूठ वर करून त्या दवाखान्याच्या दारापर्यंत "झालाच पाहिजे" ओरडत आल्या. सुई टोचणाऱ्या नर्ससमोरही एकदा ओरडल्या. आवाज बसला तो आठवडाभर. चाळीला तेवढीच विश्रांती.

दीड वर्षाने फोटो साफ आला. महाराष्ट्र झाला त्या मे महिन्यात मी तिन्ही मजले न थांबता चढून आले. पुढे दोन मुलं झाली. आम्ही दोघी चांगल्या चाळीस वर्षं भांडलो... मिठावरून, नातवंडांवरून, खिडकी उघडी की बंद यावरून. पण दर दिवाळीनंतर त्या चप्पल घालून दारात उभ्या राहायच्या. "चल, फोटो काढूक." डॉक्टर हसायचे, आता गरज नाही म्हणायचे. त्या ऐकायच्या नाहीत. काचेवर लावलेला फोटो त्यांना वाचता येत नसे, तरी डोळे बारीक करून नीट पाहायच्या. पाय थकल्यावर स्वतः येता येईना, तेव्हा मला एकटीला पाठवून दारात खुर्ची टाकून वाट बघत बसायच्या.

यंदा दिवाळी त्यांच्या तेराव्याच्या पाठोपाठ आली. ती सरली तशी परवा मी चपला घातल्या. यजमानांनी कोपऱ्यातली पिशवी हातात आणून दिली. दवाखान्यात नवी मुलगी होती. तिने कागद पुढे ओढला.

"त्रास काय होतो, आजी?"

"काही नाही. दर वर्षी येते. सासूबाई पाठवतात."

तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "अजून आहेत सासूबाई?"

"नाहीत. गेल्या."

"मग आज कोणी पाठवलं?"

"त्यांनीच," मी म्हटलं, आणि आत जाऊन यंत्रासमोर उभी राहिले. छाती टेकवली. पलीकडून आवाज आला, श्वास घ्या. मी भरून घेतला.