लाल फितीची खोली

डोरीन अ‍ॅपलयार्डला जहाजावर एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. इंग्लंडातल्या ग्रिम्स्बी गावच्या शाळेत तीस वर्षं पोरांना जेवण वाढलेली ही बाई. रांग दिसली की पुढे होऊन ती सरळ करायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. टाइन नदीच्या धक्क्यावरून नॉर्वेला जाणाऱ्या जहाजावरची ही तिची तेरावी सफर. त्यामुळे नवख्यांना शहाणं करण्याचा मक्ता आपल्याचकडे आहे, असं ती धरून चालायची.

"औषधं मोठ्या बॅगेत टाकलीत? झालं! ती बॅग खोलीवर यायला संध्याकाळ होते. औषधं कायम हातातल्या पिशवीत."

"पोटात ढवळतंय? हिरवं सफरचंद खा, वर कोरडं बिस्किट. आणि पुढच्या खेपेला मधल्या भागात, खालच्या मजल्यावर खोली घ्या. वरून देखावा छान दिसतो हो, पण रात्रभर पाळण्यात पडल्यासारखं होतं."

"भिंती लोखंडी आहेत, चुंबकाचे हुक आणायचे. ओले कपडे काय डोक्यावर वाळवणार?"

लोक ऐकत, काहीजण लिहूनही घेत. शेजारी तिचा नवरा क्लिफर्ड बसलेला असे, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. तरुणपणी तो मासेमारीच्या बोटींवर होता. आइसलंडकडच्या धुक्यात, हात पुढे केला तर बोटं दिसणार नाहीत अशा धुक्यात, बोट बरोबर माशांवर नेऊन उभी करायचा. आता शहात्तराव्या वर्षी त्याला न्याहारीच्या हॉलमधून आपल्या खोलीची वाट सापडत नव्हती.

हे डोरीनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कळू नये म्हणूनच तिची सारी धावपळ चालायची. तिच्या निम्म्या युक्त्या त्याच्यापायी निघालेल्या. खोलीचं कार्ड गळ्यात अडकवा, कारण तो ते हरवायचा. रोज तेच टेबल मागून घ्या, कारण नवे चेहरे पाहिले की तो बावरायचा.

मुलीने, अ‍ॅलिसनने, निघताना बजावलं होतं, "आई, बाबांचं काहीतरी बिनसलंय. ह्या खेपेला काही झालं ना, तर मला खरं सांगायचं. मग आपण डॉक्टरकडे जाऊ आणि ही जहाजं बंद."

जहाजं बंद होणं डोरीनला सहन होणारं नव्हतं. घरी क्लिफर्ड दिवसभर दारं उघडझाक करत फिरायचा. पायाखाली पाणी आलं की त्याचा जीव थाऱ्यावर यायचा, लाटांकडे बघून हवामान सांगायचा, तेही बरोबर. वर्षातून एक आठवडा तिला तिचा नवरा परत मिळत होता.

जहाजाच्या बोळात दोन्ही बाजूंना पांढरी दारं, सगळी एकसारखी. म्हणून पहिल्याच दिवशी तिने आपल्या दारावर चुंबकाचा हुक लावून लाल फीत बांधली. "क्लिफ, लाल फीत दिसली की आपली खोली. बाकी काही बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी समोरच्या खोलीतल्या मॅविस थॉर्नहिलने चौकशी केलीच. "काय गं, दाराला फीत? नाताळ लांब आहे अजून."

खरं सांगायची सोय नव्हती. "खोली चटकन सापडते," डोरीन म्हणाली. "जुनी युक्ती आहे माझी."

"बाई, काय डोकं आहे तुझं! काल मी दोनदा परक्याच्या दाराशी झटापट केली."

कौतुक ऐकलं की डोरीनचं भान सुटायचं. पिशवीत फितीचं अख्खं रीळ होतं. तिने मॅविसला एक तुकडा कापून दिला, मग तिच्या शेजारणीला, मग तिच्याही शेजारणीला. जेवणापर्यंत रीळ संपलं. बोळभर लाल फिती बघून तिची छाती फुगली. क्लिफ तिच्या दंडाला धरूनच चालत होता, त्यामुळे त्याचा विचारच तिच्या मनात आला नाही. बाईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि लोकांनी वर तिचे आभार मानले.

तिसऱ्या दिवशी जहाज नॉर्वेतल्या ओल्डन बंदराला लागलं. क्लिफर्डला डेकवरच्या खुर्चीत बसवून, पायांवर शाल घालून ती धक्क्यावरच्या दुकानात लोकरीचे मोजे आणायला गेली. "इथून हलायचं नाही. ही गेले नि ही आले."

परत आली तेव्हा खुर्चीवर फक्त शाल होती, नीट घडी घातलेली.

चार वाजले होते. साडेचारला जहाज सुटणार. शिडीपाशी कार्डं तपासणारा म्हणाला की क्लिफर्ड जहाजावरून उतरलेलाच नाही. म्हणजे तो जहाजावरच असायला हवा, नाहीतर पाण्यात. डोरीन वाचनालयात गेली, पोहण्याच्या तलावापाशी गेली, चहाच्या हॉलमध्ये दोनदा जाऊन आली. कठड्यावरून खाली बघायचं ती टाळत होती आणि पुनःपुन्हा बघतही होती.

चौकशीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "नाव पुकारू का सगळीकडे?"

"छे, छे! चेष्टा करतोय तो माझी," डोरीन म्हणाली आणि चार पावलं जाऊन परत फिरली. "थांबा. त्याचा फोटो आणते. मग पुकारा."

फोटोसाठी ती धावत खाली आली. बोळाच्या पार टोकाला, परक्याच दारापाशी, क्लिफर्ड जमिनीवर बसला होता. हातातलं कार्ड घामाने ओलं झालं होतं.

"अरे, इथे काय करतोयस?"

"दार उघडेना गं. लाल फीत दिसली की आपली खोली, म्हणालीस. दिसली. मग पुढे आणखी दिसली." त्याने बोळाकडे बोट दाखवलं. "आपल्या किती खोल्या आहेत, डोरीन?"

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"धुक्यातसुद्धा मी कधी असा चुकलो नव्हतो," तो हळूच म्हणाला. "माझं काहीतरी होतंय, नाही का?"

"होय रे, राजा. होतंय."

त्याला उठवून तिने मॅविसचं दार वाजवलं. "मॅविस, माझी फीत परत दे."

"दिलेलं परत मागतेस? ग्रिम्स्बीला अशी रीत आहे वाटतं!"

"क्लिफला खोली ओळखू येत नाही. त्याला आठवत नाही आता. ती फीत त्याच्यासाठी होती."

मॅविसने दारावरची फीत सोडून डोरीनच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "डावीकडची दारं तू घे, उजवीकडची मी घेते." प्रत्येक दारात डोरीन तेच वाक्य बोलली. पहिल्या दोन दारांत ती खाली बघून बोलली, पुढे समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

भोंगा झाला, जहाज हललं. बोळात आता एकच फीत उरली होती. क्लिफर्ड एकटा सावकाश चालत आला, फितीपाशी थांबला, कार्ड लावलं. दार उघडलं. ते धरून तो वळला.

"ये गं," तो म्हणाला. "कुठे हरवली होतीस इतका वेळ?"

"इथेच होते," डोरीन म्हणाली. आत जाऊन ती खुर्चीत बसली आणि तिने अ‍ॅलिसनला फोन लावला.