अंगठ्याला लागणारी खाच

छपाईचा खिळा उचलला की तो अंगठ्याने त्याची खाच चाचपायचा आणि न बघताच ओळीत बसवायचा. कोणी कौतुक केले की म्हणायचा, "बोटांका दिसता, डोळ्यांका नाय."

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आमचा छापखाना होता. तो तिथे खिळे जुळवणारा कंपोझिटर आणि मी मुद्रितशोधक. आता खिळ्यांचा जमाना गेला, म्हणून तुम्हाला सांगतो: शिशाच्या प्रत्येक अक्षराला एका अंगाने खाच असते. ती अंगठ्याला लागली म्हणजे अक्षर सुलट. चुका काढणे हा माझा धंदा, आणि याच्या प्रुफात चूक म्हणून सापडायची नाही. त्यामुळे मी त्याच्यावर थोडा चिडूनच असायचो.

म्हणून एका प्रुफात तीन अक्षरे उलटी दिसली तेव्हा मी चक्क खूश झालो. दुसऱ्या दिवशी सात निघाली. तिसऱ्या दिवशी मी उठून त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तो एकाच खिळ्यावरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता.

"काय रे, झालं काय?"

"मुंग्ये येतत," तो हळूच म्हणाला. "पायांची तर आग आग होता. मालकाक सांगू नको हां, मास्तर."

मालकाला कोणी सांगितले नाही, पण बाकी सगळ्यांना कळले. आजार कळला की आपल्याकडे घरटी एक वैद्य निघतो, हे तुम्हीही पाहिले असेल. कोणी मेथी भिजवून आणली, कोणी मोहरीचे तेल दिले, कोणी पहाटे दवावर अनवाणी चालायला सांगितले. मी तरी मागे का राहू? "दूध-दही बंद कर, वात वाढतो," मी ठणकावले. माझ्या मावशीला त्याने गुण आला होता. इतरांचे उपाय त्याने आठ दिवसांत सोडले. माझा मात्र वर्षभर पाळला, कारण मी शिकलेला.

वर्षभराने त्याला सदऱ्याची बटणे लावता येईनात. मालकाच्याही लक्षात आले. "दिवाळी अंकांची कामं निघेपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा माणूस आणीन," तो म्हणाला. तेव्हापासून मालकाच्या हाती प्रूफ पडण्याआधी मी उलटी अक्षरे हेरायचो आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघे गुपचूप ती सुलटी करायचो. चपातीचा तुकडा तोंडात आणि एक डोळा दाराकडे.

शेवटी मी त्याला ओढत डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी नादकाटा, म्हणजे आपटला की थरथरणारा चिमटा, त्याच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर कळते?"

"नाय."

"जेवणात काय असतं?"

भात, डाळ, भाजी. डॉक्टर चकित झाले. मालवणी माणूस आणि मासे नाहीत? तेव्हा कळले की सात वर्षांपूर्वी मुलगी तापाने अगदी जायला टेकली होती आणि याने कुलदेवतेपुढे मासे, मटण, अंडी जन्मभरासाठी सोडली होती.

"नसांना लागणारं एक जीवनसत्त्व मुख्यतः त्यातूनच मिळतं. निदान दूध तरी होतं," डॉक्टर वैतागले. "ते कोणी बंद करायला सांगितलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. "माझा मीच," म्हणाला. मला तिथून पळून जावेसे वाटले.

कंपाउंडरने लालसर औषध सुईत ओढले. "ह्या कसला?" त्याने विचारले.

"जनावराच्या काळजाचा अर्क, लिव्हरचा. झकास औषध आहे."

त्याने बाही खाली ओढली. डॉक्टरांनी सांगून पाहिले की नुसत्या दुधाने आता भागणार नाही, उशीर केला तर गेलेले परत येत नाही, हात कायमचे जातील. तो उठून बाहेर आला. "हात गेले तर गेले," म्हणाला. "माझा चेडू जगला ता देवाक दिलेल्या शब्दार."

रविवारी मी त्याच्या दहिसरच्या चाळीत गेलो आणि त्याच्यादेखत मुलीला सगळे सांगितले. माझ्या दूध-दह्यासकट. पंधरा वर्षांची पोर. तिने ऐकून घेतले, हात धुतले, देव्हाऱ्यात दिवा लावला आणि कोकणातल्या रीतीने देवाला मोठ्याने गाऱ्हाणे घातले: "बा देवा म्हाराजा, बाबांनी माझ्यासाठी जे सोडलं, ते आजपासून मी सोडते. त्यांचे हात त्यांना परत दे."

गाऱ्हाणे संपले की ऐकणाऱ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचे असते; त्याशिवाय ते पुरे होत नाही. तो खाटेवर ओठ घट्ट मिटून बसला होता. ती थांबून राहिली. दिव्याची वात तडतडत होती. मी घाटावरचा माणूस, देवाधर्माशी माझे फारसे जमत नाही, आणि माझ्या एका शब्दाने आधीच वाटोळे केले होते. तरी मी म्हणालो, "होय म्हाराजा."

"तू कोण रे म्हणणारो?" तो माझ्या अंगावर ओरडला आणि रडू लागला. दुसऱ्या दिवशी त्याने सुईसाठी दंड पुढे केला.

दूध सुरू झाले, मासे सुरू झाले. मासे मात्र तो मुलीकडे पाठ करून खायचा. दिवाळी अंक आम्ही कसेबसे रेटले. मालकाने दुसऱ्या माणसाशी बोलणी सुरू केली होती. अशात एका दुपारी त्याने खिळा उचलला, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि खिळा न बघताच ओळीत बसवला. "मास्तर," तो म्हणाला, "बोटाक दिसाक लागला." पायांची आग पूर्ण गेली नाही ती नाहीच. पण त्याची जागा टिकली, आणि मला त्याच्या प्रुफात पुन्हा चुका सापडेनाशा झाल्या.

तो जाऊन तीन वर्षे झाल्यावर मुलगी लग्नाची पत्रिका घेऊन आमच्याकडे आली. बायकोने तिला जेवायला बसवून सुरमई वाढली. तिने तुकडी हळूच बाजूला सारली.

"आता तरी खा गं," मी म्हणालो. "बाबा राहिले नाहीत. आता कुणासाठी?"

"बाबांनी माझ्या जिवासाठी सोडलं होतं, काका. तो शब्द आता माझ्याकडे आहे." ती भात कालवत राहिली. "आणि 'होय म्हाराजा' तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मी तिच्या ताटातली तुकडी उचलून माझ्या ताटात घेतली. ती मला खाववली नाही.