संध्याकाळपुरतं मागणं

अक्काचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "तुझे दाजी पडलेत म्हणं नवी पेठेत. चल लवकर," एवढंच ती बोलली. एके काळी असे फोन सारखे यायचे. तेव्हा मी पायात चपला सरकवून, मनातल्या मनात दाजींचा उद्धार करत निघायचे, आणि ते कुठल्या तरी बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेले सापडायचे. त्या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली... तरी त्या दुपारी रिक्षात आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता बसलो होतो. पेठेत पोचलो तर त्यांना दवाखान्यात हलवलेलं, आणि दवाखान्यात पोचलो तर सगळं आटोपलेलं. हृदय बंद पडलं होतं. शेजारचा दुकानदार सांगत होता, मशिनला तेल घातलं, हात पुसले, चहा सांगितला आणि बसल्या जागी कलंडले. मी जन्मभर सिस्टर म्हणून नोकरी केली, मरणं काही कमी बघितली नाहीत. पण त्यांच्या शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा निघाला आणि मला तिथंच रडू कोसळलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शांतवन. शिलाई मशिनी दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एका मोठ्या कापड दुकानाच्या जिन्याखाली टेबल आणि दोन स्टुलं! पण आसपासच्या शिंप्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. उंचेपुरे, कुरळ्या केसांचे, आणि आवाज असा की चर्चमध्ये मागच्या बाकावरून गायला लागले तरी पुढचे लोक वळून बघायचे. आमच्या अक्काला ते पसंत पडले ते त्या आवाजामुळं, हे ती कधी कबूल करणार नाही. दारू कधी लागली ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नव्हतं. आधी नुसता शनिवार होता, मग शनिवार-रविवार झाला, आणि पुढं वार बघायचं कारणच उरलं नाही. रविवारी उपासनेला येणं बंद झालं. अक्का एकटी यायची, शेवटच्या गाण्याआधीच उठून जायची, कारण बाहेर कुणी तरी हटकून विचारणार, "शांतवन दिसले न्हाईत?" तिनं लई सोसलं. शेवटी एक दिवस दोन पातळं पिशवीत भरून ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आता मी तितं जाणार न्हाय." मी लग्न केलेलं नाही, घर दोन खोल्यांचं, पण तिला काय जागा लागते! दुसऱ्या दिवशी दाजी फाटकाशी आले, तेव्हा मी त्यांची अशी खरडपट्टी काढली की आख्खी गल्ली खिडक्यांत जमा झाली. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि निघून गेले.

आमच्या चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब म्हणजे अगदी अबोल माणूस. मंडळीतल्या लोकांना वाटलं, आता उपास होणार, प्रार्थनेला चार माणसं बसवणार, डोक्यावर हात ठेवून काही तरी मोठं होणार. तसलं काही झालं नाही. ते जिन्याखालच्या दुकानात गेले, स्टुलावर बसले आणि दाजींना विचारलं, "शांतवन, पाय तिकडं वळतात ती वेळ कुठली?" दाजी म्हणाले, "दिवे लागायची." "मग त्या वेळेला चर्चमध्ये या. झाडून घ्यायचंय." एवढंच! मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. माणूस बुडतोय आणि हे त्याच्या हातात केरसुणी देतात! पण दाजी जायला लागले. बाकं पुसायची, पाण्याचा ड्रम भरायचा, आणि प्रभुभोजनाचे पेले धुवायचे. आमच्याकडं प्रभुभोजनाला प्रत्येकाच्या हातात अंगठ्याएवढा काचेचा पेला देतात, त्यात घोटभर द्राक्षरस. ते इवले इवले पेले दाजी एकेक करून उजेडाला धरत, पुन्हा धूत. हात थरथरायचे, पहिल्या पहिल्यांदा बरेच फुटले. दारू सुटते तेव्हा गोडाची हाव सुटते, हे मला नोकरीमुळं माहीत होतं, मीच सांगितलं गूळ जवळ ठेवा म्हणून. तेव्हापासून खिशात गूळ, आणि खिशाला मुंग्या.

सरळ वाटेनं सुटली असं मात्र नाही. दोनदा घसरले. एकदा कुंभारीला कुणाच्या तरी हळदीत घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी हजर. "सिस्टर, काल घेतली. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मीच सांगतो." मला ते नेहमी सिस्टरच म्हणायचे, आधी चिडवायला आणि नंतर सवयीनं. त्या दिवशी मी ओरडले नाही. याआधी त्यांनी हजार शपथा घेतल्या होत्या, पण आपण होऊन सांगितलेलं ते पहिलंच. आत अक्का दाराआड उभी राहून ऐकत होती. बाहेर आली नाही.

मग आला द्राक्षांचा प्रश्न. हंगाम संपत आला की माढ्याकडचं एक कुटुंब चर्चला काळ्या द्राक्षांचे क्रेट पाठवायचं. तो रस साखर घालून उकळायचा, गाळायचा, बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून त्यात भरायचा, म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक बाटली उघडता येते. हे काम एक म्हातारी बाई करायच्या, त्यांचे गुडघे गेले. पाळकसाहेबांनी ते दाजींना सांगितलं. मी तरातरा त्यांच्याकडं गेले. "साहेब, आख्ख्या सोलापुरात तुम्हाला दुसरं माणूस मिळालं नाही?" ते शांतपणे म्हणाले, "मला हेच मिळालं." खरं तर दाजी स्वतःच घाबरले होते. पण केलं त्यांनी, नीट केलं. चूक झाली ती पुढं, उन्हाळ्यात. एका रविवारी बाटली अर्धी उरली, रस टाकून कसा द्यायचा म्हणून कुणी तरी ती तशीच झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली. प्रभुभोजनातलं उरलेलं ओतून द्यायला आमच्या लोकांचा हात धजत नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. त्या महिन्यात वीज सारखी जात होती, आणि सोलापूरचं ऊन काय सांगायचं!

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेच्या आधी दाजी आतल्या खोलीत एकटेच पेले भरायला गेले. बाटली उघडली... आणि वास आला. रस आंबला होता, म्हणजे दारूच झाली होती. किती दिवसांनी तो वास, हातात बाटली, दार लोटलेलं, आजूबाजूला कुणी नाही. मी आणि अक्का फाटकातून आत येतो तर हे चर्चच्या पायरीवर बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चेहरा घामानं निथळत होता. "सिस्टर, आतली बाटली आंबलीय. मला आत जायचं न्हाय, आन् हितनं उठायचंबी न्हाय. तुमी दोघी मला धरून बसा." अक्का त्यांच्याशी कितीतरी महिने एक शब्द बोलली नव्हती. ती पदर सावरून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. मी आत गेले, बाटली उचलली आणि मागच्या लिंबाच्या बुंध्याशी रिकामी केली.

पण मंडळी जमलेली, प्रभुभोजन जाहीर केलेलं, आणि पुढची बाटली बघावी तर तिचंही झाकण फुगलेलं. अक्काच म्हणाली, "मनुका आणा." कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या मनुका आणल्या, खोलीतल्या स्टोव्हवर उकळल्या, आणि नवरा-बायको दोघं समोरासमोर बसून फडक्यातून पिळायला लागले. पाळकसाहेबांना मी कानात सांगितलं, तर ते हसले आणि त्यांनी गाण्यामागून गाणी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी मंडळीनं इतकी गाणी म्हटली की लहान पोरं बाकांवर आडवी झाली. रस तयार झाला, भलताच पातळ, चहाच्या रंगाचा. मागं एक आजी पुटपुटल्या, "आज रस लई फिका झालाय की." अक्काला हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना बघत होते.

ती घरी परत गेली, पण एक अट घालून. संध्याकाळी घरी आल्यावर दाजींनी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, तिच्या तोंडासमोर 'हा' करून श्वास सोडायचा, आणि तिनं वास घेऊन मगच आत घ्यायचं. दाजी कबूल झाले. शेजारीपाजारी बघायचे, पोरं नक्कल करायची. दाजींना त्याचं काही नव्हतं. हात मागं बांधून उभे राहायचे, 'हा' करायचे, अक्का म्हणायची, "चांगलं हाय. या." मग आत चहा व्हायचा. मी एकदा म्हटलं, "दाजी, यापेक्षा पोलीस चौकी बरी." तर म्हणाले, "चौकीत भाकरी कोण वाढतंय, सिस्टर?" वर्षं गेली तसं अक्काला अवघड वाटायला लागलं. ती म्हणाली, "आता पुरं करा की हे." दाजी ऐकेनात. "तुला नगं आसंल, मला हवंय. दिवसभर मी त्याच्यासाठीच जपतो." चर्चच्या पायरीवरच्या त्या दिवसानंतर त्यांनी रसाची बाटलीसुद्धा कधी स्वतः हुंगली नाही. उघडायची वेळ आली की अक्कापुढं धरायचे, "तू बघ. माझं नाक न्हाय चालायचं." मी त्यांना एकदा विचारलं होतं, इतकी वर्षं काय मागता हो प्रार्थनेत? मशिनचा पट्टा बसवत होते. "संध्याकाळपुरतं," म्हणाले. "जन्माचं मागितलं की छाती दडपती. भाकरी आजच्यापुरती मागायची, आसं प्रभूनंच शिकिवलंय की. मी हेबी तसंच मागतो."

एकदा बाहेरगावचे मोठे उपदेशक आले होते, मांडव घातला होता, गर्दी होती. कुणी तरी दाजींचं नाव सुचवलं, साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते चारचौघांत सांगायला. दारू सुटलेल्या माणसाची साक्ष म्हणजे लोक सरसावून बसतात, काय स्वप्न पडलं, कुठला प्रकाश दिसला. दाजी उठले, माईक उलटा धरला, नीट केला आणि म्हणाले, "काल सांजच्याला मी दुकान बंद केलं. घरी आलो. बायकोनं आत घेतलं. जेवलो, झोपलो. प्रभूची स्तुती असो." आणि खाली बसले. उपदेशक पुढं काही येईल म्हणून वाट बघत उभे! लोक हसले. मला मात्र अक्काचं तोंड दिसत होतं, आणि ती हसत नव्हती, डोळे पुसत होती. त्या मांडवात त्या एका दिवसाची किंमत फक्त तिलाच ठाऊक होती, आणि थोडीफार मला.

दफनाला पेठेतले शिंपी आले होते, सगळ्या जातीधर्माचे. कुणी तरी भाषणात 'प्रभूमध्ये निद्रिस्त झाले' वगैरे म्हणालं, बरोबरच आहे ते. पण मला दाजींचं घोरणं आठवलं आणि भर कबरस्तानात हसू आलं, मग रडू. अक्का माझ्याकडं राहायला आली नाही. "संध्याकाळी दार उघडायला कुणी तरी पायजे," म्हणाली. संध्याकाळी मीच तिच्याकडं जाऊन बसते.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, ते चाचरत म्हणाले, या वेळी पेले दुसरं कुणी भरेल. अक्का उठून सरळ आतल्या खोलीत गेली, मी तिच्या मागं. फ्रिजमध्ये दाजींनी या हंगामात भरून ठेवलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, पुढच्या कितीतरी महिन्यांच्या. तिनं पहिली काढली, पदरानं पुसली, झाकण फिरवलं. बाटली तोंडाशी नेली आणि डोळे मिटून वास घेतला. खूप वेळ घेतला. बाहेर गाणं सुरू झालं होतं. मी ट्रे धरून उभी होते, पेले किणकिणत होते.

"चांगलं हाय," अक्का हळू आवाजात म्हणाली. "या."