खुर्चीची पेन्शन

“आधी उलटी करा.”

सुभेदार कुठलीही वस्तू पाहिली की पहिल्यांदा हेच म्हणायचे. मग ती बाळाची कारसीट असो, हेल्मेट असो, नाहीतर गॅसची नळी. वस्तू पालथी करायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि बुडाशी कोरलेली तारीख बोटाने चाचपायची. पलटणीत त्यांची उभी नोकरी पॅराशूटच्या कोठारात गेली होती. तिथे दोरीलाही वय असे आणि पट्ट्यालाही. वय झालं, की दिसायला कितीही नवं असो, बाद.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला लांबून येताना पाहून दुकानदार शटर खाली ओढतो. माझा कराडला हायवेलगत जुन्या गाड्यांचा धंदा. वडिलांचा एक पैसा न घेता उभा केला, तो नुसत्या जिभेवर. एकदा शिराळ्याचं एक जोडपं गाडी बघायला आलं. सौदा अडला, तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. पुण्याच्या मालकाने गाडीतच सोडलेली बाळाची सीट, गाडीवर फुकट! बाई हसली. सौदा झाल्यात जमा होता. तेवढ्यात माझ्याच बाकावर माझाच पेपर वाचत बसलेले सुभेदार उठले.

“आधी उलटी करा.”

पाहुण्यांनी केली.

“हिचं वय झालंय, पावणं. प्लास्टिक बी म्हातारं हुतंय, फकस्त त्याचं केस पिकत न्हाईत.”

पाहुणे गेले ते गेलेच. मी इतका ओरडलो की समोरचा पंक्चरवाला बाहेर आला. सुभेदार शांतपणे पेपर उलगडत म्हणाले, “बोंबल गड्या. पोरगं वाचलं.” त्या सौद्याचा राग मी आजही सोडलेला नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

गल्लीतल्या प्रत्येक कारसीटच्या बुडाला त्यांनी पांढऱ्या रंगाने निवृत्तीचा महिना आणि साल घातलं होतं. मुदत जवळ आली की सकाळी फिरायला जाताना त्या दारापुढे थांबून हाक मारायचे, “वैनी, तुमचा शिपाई दिवाळीला रिटायर हुतोय बरं का!”

रंग लागला नव्हता तो फक्त आक्कांच्या सीटला. आमच्याकडे पाळणा विकत आणत नाहीत. ज्या पाळण्यात पोरं सुखरूप वाढली, तोच मागून आणतात. आक्का गल्लीत सर्वांत थोर. त्यांच्या लेकीने परदेशातून कारसीट आणली आणि तिलाही पाळण्याचा मान मिळाला. घरोघर फिरली, घरोघर कुंकू लावून घेतलं. पट्टा विरला तेव्हा शिंप्याकडून शिवून आणला. ती शिवण पाहून सुभेदार दोन घास कमी जेवले म्हणतात.

“आवं सुभेदार, हिच्यात बसून एका पोराला खरचटलं न्हाई,” आक्का म्हणायच्या. “गुणाची हाय ती.”

“आक्का, टक्करच झाली न्हाई, तर खरचटंल कशानं?”

“मग टक्कर झाली न्हाई, त्यो गुण कुणाचा?”

यावर सुभेदार कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून पुढच्या दाराकडे वळायचे.

पुढे माझी लेक बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बाळ-बाळंतिणीला सांगलीला सासरी पोचवायचा दिवस ठरला आणि आमच्या मंडळी कुंकवासकट आक्कांची सीट घेऊन आल्या. माझा हात आपोआप गेला. उलटी केली. तारीख कधीच मागे पडली होती. प्लास्टिकला केसासारखी बारीक भेग होती.

“नवी आणली तर आक्कांचा अपमान,” मंडळी म्हणाल्या. “गल्लीत तोंड दावायला जागा न्हाई ऱ्हायची.”

सुभेदार आले. “नातीला ह्यात घातलीस, तर गाडीफुडं आडवा पडंन.”

“पडा. त्यानं आक्का ऐकणार न्हाईत. सुभेदार, तुमाला सौदा येत न्हाई. माल बाद म्हटलं की मालक चिडतोय. माल थोर म्हणा, मग सोडतोय. तुमी रिटायर झाला, तवा पलटणीनं तुमाला भंगारात घातलं का?”

“न्हाई. हार घातला. बँड वाजवला.”

“मग?”

सुभेदारांची मिशी हळूहळू वर गेली.

मी सांगली गाठली. दुकानदाराने काचेतली सीट पुढे केली. मी उलटी केली. निम्मं आयुष्य काचेत गेलेलं.

“साहेब, सील फोडलेलं नाही अजून.”

“लग्न केलं न्हाई म्हणून माणूस म्हातारा व्हायचा थांबतो का?”

गिऱ्हाइकं हसायला लागली. मी गोदामातले खोके उपसायला लावले आणि सगळ्यात ताज्या तारखेची सीट काढून घेतली. वर घासाघीस केली ती वेगळीच.

निघायच्या सकाळी आक्कांच्या दारात जुनी सीट चौरंगावर मांडली. सुभेदार कोटावर पदकं लावून आले. तिच्यात बसून मोठी झालेली सगळी पोरं रांगेत उभी. सीटला हार पडला, “सावधान!” सुभेदार गरजले, सलामी झाली, हलगी कडाडली. आक्का पदराने डोळे पुसत पुढे आल्या. जुन्या सीटवरचं कुंकू त्यांनी बोटावर घेतलं आणि नव्या सीटला लावलं.

“गुण हिकडं आला,” त्या म्हणाल्या.

सुभेदारांनी कात्री त्यांच्याच हातात दिली. “पट्टे तुमीच कापा. न्हाईतर भंगारातनं परत कुणाच्या तरी पोराखाली जाईल.”

आक्कांनी कापले. नात हलगीच्या गजरात सांगलीला निघाली, नव्या सीटमध्ये, गाढ झोपेत. “सुभेदारांनी काय डोकं लढवलं!” गल्ली आजही म्हणते. डोकं माझं, नाव त्यांचं! त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. नुसता माझ्याकडे बघून डोळा मारला.

गेल्या थंडीत सुभेदार गेले. माझा बाक रिकामा आहे, पेपर आता पहिल्यांदा मला मिळतो.

नातीची सीट तिच्यानंतर गल्लीतच फिरत होती. परवा त्या सीटची तारीख भरली. आक्कांच्या दारात चौरंग मांडला, पोरं रांगेत उभी राहिली. नात सांगलीहून मुद्दाम आली होती, हातात कात्री घेऊन. हार झाला, सलामीची वेळ आली. आवाज द्यायला कुणीच नव्हतं. एकेक करून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

मी पुढे झालो. सीट उलटी केली. पांढऱ्या रंगातली सुभेदारांची ती वाकडी अक्षरं गल्लीला दाखवली. आणि “सावधान!” असा ओरडलो, की सौदा मोडला त्या दिवशीही इतका ओरडलो नव्हतो.