बसवाले सर विल्फ्रेड

विल्फ थ्रॉकली आणि मी एकाच बसवर होतो. तो चालवायचा, मी तिकिटं द्यायचे. युद्धापासून त्याचे गुडघे दुखायचे. शेवटच्या थांब्यावर गाडी लावली की तो स्टिअरिंगवर डोकं टेकायचा आणि म्हणायचा, "एडना, जरा थांब गं. उतरवत नाही."

त्याचे आजोबा टेकडीपलीकडच्या थ्रॉकली घराण्यातले धाकटे. दारूच्या गुत्त्यावरच्या मुलीशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी त्यांना तोडलं होतं. त्या घराण्यात 'सर' हा किताब बापाकडून मुलाकडे यायचा, आणि ज्याच्याकडे यायचा तो एका ठरलेल्या पलटणीत अधिकारी व्हायचा. मग कुठेतरी लांब मरायचा. गावच्या चर्चमध्ये अर्धी भिंत त्यांच्याच नावांच्या पाट्यांनी भरली होती. शेवटचा रूपर्ट, बिनलग्नाचा, मलायाच्या जंगलात मारला गेला. त्याच्यामागे घराण्यात पुरुष उरला तो आमचा विल्फ.

हे सांगायला वकील थेट डेपोच्या कँटीनमध्ये आला. विल्फने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर वगैरे?"

"विकलं. कर भरायलाच गेलं सगळं. तिथे आता मुलींची शाळा आहे."

"म्हणजे नुसतं नाव."

"नाव आणि लेडी सेसिली. रूपर्टच्या आजी. तबेल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. तुम्हाला भेटायचं म्हणतात."

वकील गेल्यावर डेपोतली पोरं सुटलीच. "सर विल्फ्रेड, चहात साखर आपण घालणार की नोकर बोलावू?"

"तूच घाल. आणि तोंड मिटून घाल," विल्फ म्हणाला.

त्याची बायको डोरिस जायला तयार होईना. "तिच्यापुढे वाकायला मला जमायचं नाही. एडनाला ने," म्हणाली. म्हणून मी गेले.

लेडी सेसिली घरातही ओव्हरकोट घालून बसल्या होत्या. रॉकेलची शेगडी धुरकटत होती. त्यांनी विल्फकडे बराच वेळ पाहिलं.

"युद्धात होतास?"

"होतो, बाईसाहेब. लिबियात. लॉरी हाकायचो."

"अधिकारी?"

"नाही. शिपाई म्हणून गेलो, शिपाई म्हणूनच परत आलो."

"आमच्यात शिपाई कुणी झाला नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, "म्हातारंही कुणी झालं नाही."

मी सोबत नेलेला केक कापून दिला. तो कुणी खाल्ला नाही.

"तुला मुलगा आहे ना?"

"रॉनी. यंदा सक्तीच्या भरतीचं बोलावणं येईल त्याला."

"मग मी कर्नलशी बोलते. आपल्या पलटणीत अधिकारी म्हणून घेतील. घराण्याचं चालू राहील."

विल्फ गुडघा चोळत होता. "बाईसाहेब, दोन वर्षं त्याला द्यावीच लागतील, ती देईल. पण त्याच्यासाठी शब्द टाकू नका. त्या भिंतीवर आता जागा तरी कुठे आहे?"

"आहे. रूपर्टच्या खाली एकाची आहे. दर रविवारी मी तिकडेच बघत बसते." त्यांचा आवाज फार खाली गेला. "दमले रे मी."

"मीही," विल्फ म्हणाला. मग तो उठला आणि शेगडीची वात नीट करायला लागला.

कर्नलशी त्या बोलल्या नाहीत. विल्फ मात्र दर गुरुवारी शिफ्टनंतर तिकडे जायला लागला. रॉकेलचा डबा वर नेऊन द्यायचा, चहा प्यायचा, यायचा. दोघं काय बोलतात, मी एकदा विचारलं. "फारसं काही नाही. त्या झोपतात, मीही डुलकी काढतो," म्हणाला.

दर नोव्हेंबरात, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, पुष्पचक्र वाहायचा मान थ्रॉकलींचा. विल्फला रजा मिळाली नाही. दोन फेऱ्यांच्या मधे, बसच्याच गणवेशात, तो चर्चमध्ये धापा टाकत आला, मागोमाग मी. कर्नलने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लेडी सेसिलींनी काठी माझ्याकडे दिली आणि विल्फचा हात धरला. दोघं हळूहळू पुढे गेली. कोण कुणाला सावरत होतं ते मागून कळत नव्हतं.

रॉनीने दोन वर्षं यॉर्कशरच्या छावणीत बटाटे सोलले आणि जाड होऊन परत आला. तो परत यायच्या आधीच्या हिवाळ्यात म्हातारी गेली. शवपेटीमागे नातलग म्हणून एकटा विल्फ. डोरिस आली, पण मागच्या बाकावर बसली. बाहेर वकिलाने विचारलं, किताबाच्या सरकारी नोंदीसाठी कागद कधी देता? विल्फ म्हणाला, "बघू." ते त्याने कधीच बघितलं नाही.

मला वाटलं, आता तरी सुटला बिचारा. पण गुरुवारी त्याचे पाय घराकडे वळेनात. कोट अंगात तसाच ठेवून तो कँटीनमध्ये बसून राहायचा. पोरं आता चिडवत नसत. मी टेबलं पुसणाऱ्या बाईला खुणेने सांगायचे, त्याचं टेबल राहू दे, शेवटी पूस.